मुळा-मुठेच्या गाळातली प्रतिजैविकं: नमुने, चाचण्या आणि आकड्यांचा अर्थ

नदीकाठची
नमस्कार मंडळी. पावसाळ्याआधी पुण्यातल्या मुठा आणि मुळा-मुठेच्या गाळाची प्रतिजैविकांसाठी तपासणी करायचं आमच्या गटात ठरतं आहे. पाण्याचे अहवाल मिळतात, पण त्यात बीओडी, सीओडी (सेंद्रिय घाणीची मापं) आणि फार तर कोलिफॉर्म (मैल्याची खूण असलेले जीवाणू) असतात. गाळाकडे कुणी बघत नाही. ठिकाणं कोणती निवडावीत? वरचा गाळ घ्यायचा की खोलवरचा? शोधायची औषधं कोणती? आणि प्रयोगशाळेने 'किलोमागे अमुक मायक्रोग्रॅम' असं लिहून दिलं, तर ते धोक्याचं आहे की नाही हे ठरवायचं कसं? पैसे मोजके आहेत, त्यामुळे कशावर खर्च करू नये हेही सांगा.

घाटमाथा
आधी गाळच का, ते सांगतो, कारण औषधांची यादी त्यावरच ठरते.

खडकवासल्याच्या खाली उन्हाळ्यात मुठेत धरणाचं पाणी जवळजवळ नसतंच. ते बंद नळाने आणि कालव्याने जातं. नदीत वाहतं ते मुख्यतः सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं. म्हणजे औषध पातळ करायला स्वच्छ पाणी नाही. त्यातून प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन हा क्विनोलोन गट आणि टेट्रासायक्लिन गट गाळाला घट्ट चिकटतात. सल्फामेथॉक्साझोल बहुतांश पाण्याबरोबर वाहून जातं. अमॉक्सिसिलीनची बीटा-लॅक्टम कडी पाण्यात आणि जीवाणूंच्या विकरांनी लवकर तुटते. तेव्हा गाळात अमॉक्सिसिलीन सापडलं नाही म्हणून 'ते नदीत येतच नाही' असा निष्कर्ष काढू नका.

आपल्याकडचा गाळ काळ्या मातीच्या जातीचा आहे. बेसॉल्ट झिजून झालेली माँटमोरिलोनाइट चिकणमाती, धन-आयन धरून ठेवण्याची क्षमता भरपूर. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे दोन पीकेए (ज्या सामूला, म्हणजे पीएचला, रेणूवरचा भार बदलतो ते आकडे) साधारण ६.१ आणि ८.७. नदीचा सामू सातच्या वर असतो, तेव्हा रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार असतात. धन बाजू चिकणमातीला धरते, ऋण बाजू कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोहाच्या मध्यस्थीने जोडली जाते. उघड्या पाण्यात हेच औषध उन्हाने लवकर मोडतं. गाळात उजेड नाही, ऑक्सिजन नाही, म्हणून ते तिथे टिकून राहतं. मार्चमधला पाण्याचा नमुना त्या तासाची स्थिती सांगतो. गाळ मागच्या कित्येक महिन्यांची सांगतो.

नदीकाठची
मग यादीत काय ठेवू?

घाटमाथा
सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, ट्रायमेथोप्रिम. सल्फामेथॉक्साझोल फक्त तुलनेसाठी. पैसे कमी पडले तर नॉरफ्लॉक्सॅसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन काढा. ऑक्सिटेट्रासायक्लिन मात्र काढू नका. ते जनावरांच्या औषधोपचारात जास्त वापरलं जातं, म्हणून गोठ्यांचा वाटा ओळखायला उपयोगी पडतं.

सूक्ष्मदर्शी
ठिकाणांबद्दल. मुठेच्या गाळावर २०१७ साली 'वॉटर रिसर्च' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात शहराच्या वरचा आणि शहरातला गाळ शेजारी ठेवून पाहिला आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांचं सापेक्ष प्रमाण शहरातल्या गाळात वरच्या भागाच्या तुलनेत सुमारे ३० पट होतं. एकातून दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकणारी १७५ प्रकारची जनुकं मिळाली. त्यांत एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ऑक्सा-४८ होती. म्हणजे कार्बापेनेमसारखी शेवटच्या फळीतली औषधं निकामी करणारी जनुकं. ॲसिनेटोबॅक्टर ही प्रजाती शहरातल्या काही नमुन्यांत २९ टक्क्यांपर्यंत होती. हा सगळा परिणाम शहरी मैलापाण्याचा, औषध कारखान्यांचा नव्हे. हैदराबादजवळ पाटणचेरूला २००७ मध्ये कारखान्यांच्या सामाईक प्रक्रिया केंद्राच्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं होतं. ते प्रकरण वेगळं आहे. पुण्याचे आकडे त्याच्याशी ताडून 'आपण सुरक्षित' असं म्हणायची सोय नाही, कारण प्रतिरोध वाढायला त्याच्या लाखाव्या हिश्श्याएवढं प्रमाणही पुरतं.

संदर्भाचं (तुलनेसाठीचं, स्वच्छ) ठिकाण धरणांच्या वर घ्या: आंबी किंवा मोसे नदीचं खोरं. खडकवासला ते विठ्ठलवाडी हा पट्टा संदर्भ म्हणून चालणार नाही, नांदेड-शिवण्यापासून वस्तीचं पाणी येऊ लागतं. त्यानंतर विठ्ठलवाडी, म्हात्रे पुलाखाली, मुळा-मुठेच्या संगमाच्या जरा वर (आंबिल ओढा आणि नागझरी दोन्ही तोवर मिळालेले असतात), मुळेवर दापोडीला पवना मिळाल्यानंतर, बंडगार्डन बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, खराडी-मुंढवा, आणि शेवटी थेऊर. बंधाऱ्यामागे पाणी संथ असतं, बारीक गाळ बसतो, आकडे तिथे चढे येणारच. म्हणून प्रत्येक नमुन्याचं कणमान (किती वाळू, किती बारीक माती) मोजा, नाहीतर वाळू आणि चिकणमाती यांचीच तुलना करून बसाल.

घाटमाथा
कणमानाला पूर्ण सहमती. ६३ मायक्रोमीटरच्या चाळणीखाली किती टक्के जातं ते द्या, शिवाय सेंद्रिय कर्ब. ही दोन्ही कामं मृदा प्रयोगशाळेत स्वस्तात होतात.

नदीकाठची
प्रत्यक्ष नमुना घ्यायची रीत कुणी सांगाल का? आमच्याकडे ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा जबडा) नाही.

प्रवाही
काठाजवळ गुडघाभर पाण्यात स्टीलच्या डावाने किंवा ॲक्रिलिकच्या नळीने काम होतं. पुलावरून किंवा होडीतून घ्यायचा असेल तरच व्हॅन व्हीन ग्रॅब लागतो.

खालच्या अंगाने वर चालत या, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ तुमच्या जागेवर येणार नाही. एका ठिकाणी दहा मीटरच्या टापूत पाच जागी वरचा ५ सेंटिमीटर थर घ्या, स्टीलच्या परातीत एकजीव करा. काड्या, प्लास्टिक, शिंपले वेचून टाका. असे तीन स्वतंत्र संच. प्रत्येकी निदान अर्धा किलो ओला गाळ, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. गाळ ठेवायला रुंद तोंडाची गडद रंगाची काचेची बरणी घ्या. वरचं पाणी निथळू द्या, पण पिळून काढू नका, बारीक कण त्याबरोबर जातात.

बर्फात ठेवा, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा, २४ तासांच्या आत उणे २० अंशांवर गोठवा. जनुकांच्या चाचणीचा गाळ वेगळ्या निर्जंतुक नळ्यांत, वेगळ्या निर्जंतुक चमच्याने, आणि तो आधी. नंतर रसायनांचा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. जी व्यक्ती सध्या प्रतिजैविक घेत आहे किंवा त्याचं मलम लावते आहे, तिने नमुन्याला हात लावू नये. आपण नॅनोग्रॅममध्ये मोजणार आहोत. नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक ठिकाणी बदला. गमबूट हवेतच, आणि पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. या पाण्यात लेप्टोस्पायरा (जखमेतून शरीरात शिरणारा रोगजंतू) असण्याची शक्यता गृहीत धरायची.

वेळ: फेब्रुवारी ते मे. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की वरचा थर धुऊन निघतो आणि ऑगस्टमधला गाळ तुम्हाला वेगळीच गोष्ट सांगतो. दोन्ही ऋतू परवडले तर उत्तम. एकच परवडत असेल तर एप्रिल.

रसशाळा
प्रयोगशाळेला काम देण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा. 'एलसी-एमएस (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

गाळ वाळवतात कसा? गोठवून निर्वातात वाळवला पाहिजे. १०५ अंशांच्या भट्टीत टेट्रासायक्लिनचा ऱ्हास होतो. भट्टी फक्त ओलाव्याची टक्केवारी काढायच्या वेगळ्या चिमटीसाठी.

अर्क कशात काढतात? निव्वळ मिथेनॉलमध्ये क्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन गाळ सोडत नाहीत, धातूंनी धरलेले असतात. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घातलेलं मॅकिल्व्हेन बफर, सामू ४, आणि तितकंच मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल, हे मिश्रण नेहमीचं. १ ग्रॅम कोरडा गाळ, १० मिलि मिश्रण, ढवळणं, १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक, सेंट्रिफ्यूज. हे तीनदा. तिन्ही अर्क एकत्र केले की ३० मिलि होतात, त्यातलं निम्मं सेंद्रिय द्रावक. तसंच कार्ट्रिजवर (औषध धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीवर) ओतलं तर औषध थांबतच नाही, थेट खाली उतरतं. म्हणून शुद्ध पाण्याने किमान ३०० मिलिपर्यंत वाढवून द्रावक पाच टक्क्यांवर आणायचं, मगच एचएलबी कार्ट्रिज. त्याच्या वर ऋण-आयन धरणारं कार्ट्रिज लावलं तर ह्युमिक द्रव्य (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं तपकिरी द्रव्य) बरंच अडतं. आपल्या गाळाला ते लावाच, अर्क चहासारखा तपकिरी येतो.

अंतर्गत मानक (तुलनेसाठी माहीत असलेल्या प्रमाणात घातलेलं, खूण केलेलं औषध) केव्हा घालतात? ड्युटेरियमवालं सिप्रोफ्लॉक्सॅसिन अर्क काढण्याआधी गाळात घालून मुरू दिलं पाहिजे. शेवटी कुपीत घातलं तर फक्त यंत्रातली दडपणूक (अर्कातल्या इतर द्रव्यांमुळे संकेत कमी येणं) कळते, गाळात अडकून राहिलेलं कळत नाही. गाळाच्या अर्कात ही दडपणूक मोठी असते. साध्या मिथेनॉलमधल्या मानकांवर आकडा काढला तर तो खोटाच कमी येतो. वसुली (घातलेल्यातलं किती परत मिळालं ते) ६० ते १२० टक्क्यांच्या बाहेर गेली तर त्या औषधाचा आकडा निष्कर्षात घेऊ नका.

मॅक्रोलाइड गटाची एक खोड आहे. एरिथ्रोमायसिन आम्लात पाण्याचा रेणू गमावतं. सामू ४ च्या अर्कात मूळ रूप शोधत राहिलात तर शून्य येईल. ते यादीत घेतलंत तर पाणी गमावलेलं रूपही मोजायला सांगा.

शेवटची गाळणी नायलॉनची नको, क्विनोलोन तिला चिकटू शकतात. पीटीएफई किंवा रीजनरेटेड सेल्युलोज वापरा, आणि तीही माहीत असलेल्या द्रावणाने एकदा तपासून घ्या.

नदीकाठची
हे सगळं छापून घेतलं. आता आकड्याचा अर्थ. एका ठिकाणी वाचलं की मोजलेलं प्रमाण भागिले सुरक्षित प्रमाण, एकाच्या वर गेलं की मोठा धोका. एवढं पुरेसं आहे ना?

घाटमाथा
सूत्र बरोबर आहे, पण गाळाला थेट लावता येत नाही. इथेच सर्वात जास्त घोळ होतो.

सुरक्षित प्रमाणांचे बहुतेक आकडे पाण्यातले आहेत. प्रतिरोधाची निवड होऊ नये म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी २०१६ मध्ये सुचवलेली मर्यादा लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम, ॲझिथ्रोमायसिनसाठी ०.२५, टेट्रासायक्लिनसाठी १, ट्रायमेथोप्रिमसाठी ०.५, सल्फामेथॉक्साझोलसाठी १६. गाळातला आकडा मात्र किलोमागे येतो. दोघांमधला पूल म्हणजे केडी: गाळावरचं प्रमाण भागिले गाळाच्या फटींतल्या पाण्यातलं प्रमाण, एकक लिटर प्रति किलो.

समजा (उदाहरण कल्पित आहे) सिप्रोफ्लॉक्सॅसिन किलोमागे १५० मायक्रोग्रॅम आलं. केडी १,००० धरला तर फटीतल्या पाण्यात ०.१५ मायक्रोग्रॅम, भागिले ०.०६४, गुणोत्तर २.३. मोठा धोका. केडी ५,००० धरला तर ०.०३, गुणोत्तर ०.४७. ०.१ ते १ मध्ये, म्हणून मध्यम धोका. गाळ तोच, औषध तेच, निष्कर्ष उलटा. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा केडी माती बदलली की शेकड्यांतून हजारांत जातो. परदेशातल्या वालुकामय मातीचा केडी उचलून मुठेच्या काळ्या गाळाला लावला तर फटीतल्या पाण्याचा आकडा भलताच फुगतो.

सेंद्रिय कर्बावरून केडी काढायची पद्धतही क्विनोलोनला नीट लागू पडत नाही. ती तेलकट, भाररहित रेणूंसाठी आहे. इथे बंध भारांचा आहे.

नदीकाठची
मग केडी स्वतःच मोजायचा?

घाटमाथा
हो, अवघड नाही. संदर्भ ठिकाणचा गाळ आणि शहरातला एक गाळ घ्या. प्रत्येकी १ ग्रॅम, ५० मिलि पाण्यात ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, माहीत असलेलं औषध चार-पाच वेगवेगळ्या प्रमाणांत, अंधारात २४ तास हलवत ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी मोजा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १०६ क्रमांकाची पद्धत हीच आहे. सोबत गाळाशिवायची एक नळी हवीच, नळीच्या भिंतीला किती चिकटलं ते कळायला. दुसरा मार्ग: ताजा ओला गाळ सेंट्रिफ्यूज करून फटीतलं पाणीच वेगळं काढून मोजायचं. त्यात अंदाज कमी, पण पाणी फार थोडं मिळतं.

सूक्ष्मदर्शी
यावर माझं मत थोडं वेगळं आहे. घट्ट चिकटलेलं औषध जीवाणूंना अजिबात भिडत नाही असं मानणं धोक्याचं. जीवाणू मोकळ्या पाण्यात पोहत नसतात. ते कणांवर थर करून राहतात, औषधाच्या अगदी शेजारी. फटीतल्या पाण्यावरून काढलेलं गुणोत्तर कमीत कमी धोका दाखवतं असं समजा.

आणि ०.०६४ हा आकडा एका औषधाचा आहे. गाळात आठ-दहा औषधं एकदम असतात, जोडीला जस्त, तांबं, क्रोमियम, जंतुनाशकं. धातूला तोंड देणारी आणि औषधाला तोंड देणारी जनुकं पुष्कळदा एकाच प्लाझमिडवर (जीवाणूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात. औषध संपलं तरी धातू त्या जीवाणूला पोसत राहतो. म्हणून गाळाचे धातूही मोजा, आणि निदान तीन जनुकं क्यूपीसीआरने (जनुकांच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने): सल-१ (सल्फा औषधांना दाद न देणारं), इंट-आय-१ आणि एनडीएम-१. इंट-आय-१ ही मानवी प्रदूषणाची चांगली खूण आहे. निकाल नेहमी १६-एस या सगळ्या जीवाणूंत असणाऱ्या जनुकाच्या प्रमाणात मांडायचा, ग्रॅममागे नव्हे. नाहीतर ज्या गाळात जीवाणू जास्त, तिथे सगळंच जास्त दिसतं.

डीएनए पाव ग्रॅम गाळातून काढतात. काळ्या गाळात ह्युमिक आम्ल पीसीआर अडवतं आणि निकाल 'नाही' येतो. तोच अर्क दहापट पातळ करून पुन्हा चालवायला सांगा. पातळ केल्यावर अचानक जनुक दिसू लागलं तर अडथळा होता हे सिद्ध झालं.

मातीपरीक्षक
परिसंस्थेवरच्या परिणामांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सगळी चर्चा माणसाच्या रोगजंतूंवर थांबते. नदीच्या दृष्टीने पहिला फटका नील-हरित जीवाणूंना बसतो. तेही जीवाणूच, त्यामुळे प्रतिजैविकांना शैवालांपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील. दुसरा फटका नत्रचक्राला. अमोनियाचं नायट्रेट करणारे आणि नायट्रेटचा नत्रवायू करणारे जीवाणू मंदावले तर अमोनिया साचतो, आणि सामू चढला की तोच अमोनिया माशांना विषारी होतो. मुळा-मुठेत हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे, कारण ऑक्सिजन आधीच तळाला गेलेला असतो. म्हणून गाळाचा विनायट्रीकरणाचा वेग प्रयोगशाळेत मोजा: संदर्भ ठिकाणचा स्वच्छ गाळ, त्यात औषधाच्या वाढत्या मात्रा. नदीतला तळाचा जीव मोजायचा असेल तर लाल ट्यूबिफेक्स आणि कायरोनोमस अळ्या सापडतील. पण त्या सेंद्रिय घाणीची खूण आहेत, प्रतिजैविकांची नव्हे. त्यांच्यावरून औषधाबद्दल काही बोलू नका.

नदीकाठची
अजून एक. काढलेला गाळ शेतकरी मागतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये गाळ शेतात टाकतातच की.

मातीपरीक्षक
तो धरणांतला आणि तलावांतला गाळ. शहराखालच्या नदीचा गाळ त्याच नावाने शेतात नेऊ नये. त्यात धातू, औषधं आणि प्रतिरोधक जनुकं तिन्ही आहेत. कंपोस्ट करून चालेल असं म्हणणाऱ्यांसाठी: ५५ अंशांच्या पुढे काही दिवस ठेवलं तर टेट्रासायक्लिन बरंच उतरतं, क्विनोलोन चिवट असतात, आणि धातू तर जागचे हलत नाहीत. भाजीपाल्याच्या जमिनीत तर मुळीच नको. मांजरी-थेऊर पट्ट्यात नदीच्या पाण्यावर भाजी होते, तिथे पाण्याचाच भार पुरेसा आहे.

प्रवाही
गाळ काढण्याच्या कामाआधी एक साधी चाचणी मागा. एक भाग गाळ, चार भाग नदीचं पाणी, आकारमानाने. अर्धा तास ढवळा, तासभर बसू द्या, वरचं पाणी गाळून मोजा. उपसताना पाण्यात काय सुटेल याचा अंदाज येतो. अमोनिया, सल्फाइड आणि विरघळलेला ऑक्सिजनही त्याच भांड्यात मोजा, कारण मासे मरतात ते बहुधा या तिघांनी, प्रतिजैविकाने नव्हे. आणि उपसायच्या जागी फक्त वरच्या ५ सेंटिमीटरवर थांबू नका. ३० सेंटिमीटरची नळी रोवून ५-५ सेंटिमीटरचे काप करा. वरचा थर खरवडल्यावर खालचा उघडा पडणार, तो अधिक वाईट आहे की बरा हे आधी कळायला हवं.

रसशाळा
शुद्धीकरण केंद्रं वाढली की प्रश्न सुटेल असं समजू नका. सक्रिय गाळ पद्धतीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन पाण्यातून कमी होतं हे खरं, पण त्यातलं बरंच मोडत नाही, केंद्राच्या गाळात जातं. तो गाळ कुठे जातो हे विचारा. तरीही न शुद्ध केलेलं मैलापाणी थेट नदीत जाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

नदीकाठची
उरलेली औषधं बेसिनमध्ये टाकू नका, अशी मोहीम घ्यावी का?

रसशाळा
घ्या, पण तिच्याकडून गाळातला आकडा उतरेल अशी अपेक्षा नको. मोठा वाटा माणसाच्या शरीरातून येतो. तोंडाने घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा ४० ते ५० टक्के भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. मुदत संपलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात मोडत होती; ती ओल्या-सुक्यापासून वेगळीच द्यायची. खरा फरक सर्दी-तापाला उगाच घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनने पडेल, आणि रुग्णालयांचं सांडपाणी नाल्याला मिळण्याआधी तपासलं जाण्याने.

नदीकाठची
कायद्यात गाळासाठी मर्यादा आहे का? अहवालात कशाशी तुलना दाखवू?

घाटमाथा
गाळातल्या प्रतिजैविकांसाठी भारतात मर्यादा नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी जानेवारी २०२० च्या मसुद्यात मर्यादा होत्या, ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या वगळल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेचं सप्टेंबर २०२४ चं मार्गदर्शनही उत्पादनाच्या सांडपाण्यापुरतं आणि घनकचऱ्यापुरतं आहे. म्हणून 'मर्यादा ओलांडली' असं वाक्य अहवालात लिहू नका, कुणीही एका मिनिटात खोडून काढेल. संदर्भ ठिकाणाच्या किती पट, फटीतल्या पाण्यातलं अंदाजे प्रमाण किती, कोणता केडी वापरला, एवढं लिहा. गुणोत्तर एकच न देता कमी आणि जास्त केडी धरून दोन द्या.

नदीकाठची
ठरलं तर मग: आठ ठिकाणं, प्रत्येकी तीन संच, आठ औषधं, तीन जनुकं, चार धातू, कणमान, कर्ब. केडी दोन गाळांचा. खर्च जास्त झाला तर ठिकाणं कमी करते.

सूक्ष्मदर्शी
ठिकाणं कमी करा, संच नको. एकेका नमुन्याची आठ ठिकाणं म्हणजे आठ ठिपके. दोन पुलांमधला फरक खरा की नुसता योगायोग, हे त्यातून कधीच कळणार नाही. आंबी-मोसे, विठ्ठलवाडी, संगम, बंडगार्डन, थेऊर एवढी पाच तीन-तीन संचांनी पुरेत. दापोडी पुढच्या वर्षी.

प्रवाही
आणि कोरा नमुना धरायचा राहिला. ४५० अंशांवर चार तास भाजलेली वाळू एका बरणीत भरून न्यायची, प्रत्येक ठिकाणी झाकण तेवढाच वेळ उघडं ठेवायचं, त्याच परातीतून आणि त्याच डावाने फिरवायची. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिसलं तर ते नदीचं नाही, तुमच्या भांड्यांचं. एका फेरीला एक पुरतो.